पडणाऱ्या ईएलसीबीची कुळकथा

पावसाळ्यात गीझर लावताच ईएलसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून वीज तोडणारा खटका, पडतो. वर केला की पुन्हा पडतो. मग वैतागलेल्या घरमालकाच्या सांगण्यावरून वायरमन तो वगळून तारा थेट जोडून देतो. हे सर्रास चालतं आणि ते जिवावर बेतणारं आहे.

या खटक्याची घडण दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींपाशी झाली. तोवरची यंत्रणा सुमारे १० अँपिअर करंट जमिनीत गेल्यावर जागी व्हायची. तोपर्यंत माणूस केव्हाच मेलेला असे. हेन्री रुबिन या अभियंत्याने १९५५मध्ये ही मर्यादा २५० मिलिअँपिअरवर आणि लवकरच २०च्या आत आणली. स्टिलफोंटेन या खाणवस्तीत घरातल्या सदोष उपकरणाचा शॉक बसून एक बाई दगावली. त्यानंतर १९५७-५८मध्ये तिथल्या काहीशे घरांत हे खटके बसले.

माणसाला नेमका किती करंट सोसतो, हे बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी माणसांवरच मोजलं. १३४ पुरुष आणि २८ स्त्रिया स्वखुशीने पुढे आल्या. हातात तार धरायची आणि स्नायू आखडून मूठ उघडेनाशी होईपर्यंत करंट वाढवत न्यायचा. पुरुषांची सरासरी निघाली सुमारे १६ मिलिअँपिअर, स्त्रियांची साडेदहा. १९६१मध्ये डॅलझील यांनी स्वतःचा खटका तयार केला. अमेरिकेतली ५ मिलिअँपिअरची मर्यादा याच मोजणीवर उभी आहे. आपल्याकडे घरात ३० मिलिअँपिअरचा बसवतात, मात्र तेवढी गळती होताच त्याने ०.३ सेकंदात तोडलंच पाहिजे.

आत एक लोखंडी कडं असतं. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्यातून जातात. गेला तेवढा करंट परत आला, तर कड्यात काहीच घडत नाही. कमी आला, तर उरलेला बहुधा अर्थिंगमधून किंवा कुणाच्या तरी अंगातून जमिनीत गेला आहे. गीझरच्या कॉइलचं आवरण तडकलेलं असतं, बोर्डात ओल उतरलेली असते, दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल चुकून जोडलेला असतो. कधी अनेक उपकरणांची थोडीथोडी गळती एकत्र येऊनही तो पडतो. जास्त करंट गेल्यावर पडणाऱ्या एमसीबीला यातलं काही कळत नाही, कारण १६ अँपिअर पेलणाऱ्या एमसीबीला ३० मिलिअँपिअर जाणवतही नाहीत.

म्हणून खटका पडला तर सगळे प्लग काढा, एकेक लावून पाहा, दोष सापडला की तो दुरुस्त करून घ्या. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा. दाबूनही खटका पडला नाही, तर त्याच दिवशी नवा बसवून घ्या.