गाडी तयार, पाण्याचं काय?

1939 च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला बर्लिनमधल्या दोन इंजिनियरांनी गाडीनं हिंदुस्थान गाठायचं ठरवलं. एक होता अमेरिकन, पॉल प्लाइस. बर्लिनमधलं कारखान्याचं काम आटोपून तो मोकळा झाला होता. दुसरा त्याचा जर्मन सहकारी. दोघांनी मोटारीची नुसती चॅसी विकत घेतली आणि तिच्यावर स्वतः बॉडी बांधली. निघायची वेळ जवळ आली तेव्हा लक्षात आलं, की अडीअडचणीला लागणारं पाणी साठवायला गाडीत काहीच नाही. समोर इराण-बलुचिस्तानचं वाळवंट होतं. सहकाऱ्याला एक जागा ठाऊक होती. टेंपलहॉफ विमानतळावर लष्करासाठी बनवलेले हजारो नवे डबे साठवून ठेवले होते आणि तिथपर्यंत त्याचा हात पोचत होता. त्यानं तीन डबे उचलले आणि गाडीच्या पोटाखाली बसवले.

आज जुन्या जीपच्या पाठीवर जो चपटा पोलादी डबा पट्ट्यानं आवळलेला दिसतो, ज्याला जगभर जेरीकॅन म्हणतात, तोच हा. आडवाटेच्या प्रवासाच्या इतिहासात इंजिन आणि चारचाकी ओढ यांचं कौतुक पुष्कळ झालं आहे. पण मोहिमा फसल्या किंवा तरल्या, त्यात या डब्याचा वाटा इंजिनाहून कमी नव्हता.

डबा वीस लिटरचा. 1937 मध्ये विन्झेन्झ ग्रुनफोगेल या अभियंत्यानं त्याचा आराखडा केला. पत्र्याचे दोन अर्धे भाग दाबून घडवायचे आणि मधोमध वेल्डिंगनं जोडायचे. ती शिवण खोलगट ठेवायची, म्हणजे डबा आपटला तरी मार जोडावर बसत नाही. दोन्ही अंगांना फुलीसारखा खोल ठसा, त्यामुळे उन्हात पेट्रोल फुगलं तर पत्र्याला फुगायला वाव मिळतो. वरच्या कुशीत थोडी हवा राहते, म्हणून भरलेला डबाही पाण्यावर तरंगतो. झाकण खटक्याचं, हातानं उघडणारं. तोंडाशी हवेची बारीक नळी असल्यानं ओतताना धार गचके खात नाही. आणि मूठ एक नाही, तीन. रिकामे डबे एका माणसाला दोन-दोन करून नेता येतात, जड डबा दोघांना मिळून उचलता येतो आणि रांगेत उभी राहिलेली माणसं तो हातोहात पुढं सरकवू शकतात. ही योजना करणाऱ्यानं डबे वाहणाऱ्या शिपायाचा विचार केला होता, हे त्या तीन मुठींवरून कळतं.

प्लाइस आणि त्याचा मित्र अकरा सरहद्दी ओलांडून हिंदुस्थानात पोचले. देशाचा निम्मा पल्ला कापून झाला असताना जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग यानं विमान पाठवून जर्मन इंजिनियरला परत बोलावलं. जाण्यापूर्वी त्यानं डबा बनवण्याचा सगळा तपशील प्लाइसला देऊन टाकला. प्लाइस एकटाच कलकत्त्याला गेला, गाडी तिथं ठेवली आणि अमेरिकेला परतला. युद्ध पेटलं होतं. त्यानं लष्करी अधिकाऱ्यांना डब्याबद्दल सांगितलं, पण नमुना हातात नसल्यानं कोणी लक्ष दिलं नाही. शेवटी त्यानं ती अख्खी गाडीच कलकत्त्याहून मागवली. केप ऑफ गुड होपला वळसा घालून 1940 च्या उन्हाळ्यात ती न्यूयॉर्कला उतरली तेव्हा तिन्ही डबे शाबूत होते.

एक डबा वॉशिंग्टनला गेला. तिथल्या मंडळींनी तो पाहिला आणि पहिल्या महायुद्धातलाच दहा गॅलनचा गोल डबा थोडा सुधारून वापरायचं ठरवलं. त्या डब्याला स्क्रूची दोन झाकणं होती. उघडायला पाना लागायचा आणि ओतायला नरसाळं. नमुन्याचा जर्मन डबा पुढं मेरीलँडमधल्या कॅम्प होलाबर्ड इथं पोचला. याच कॅम्पमध्ये 23 सप्टेंबर 1940 ला बँटम कंपनीनं जीपची पहिली नमुनागाडी चाचणीसाठी आणून उभी केली होती. तिथं डब्याची नवी आवृत्ती निघाली. आकार, माप आणि मुठी तेवढ्या राहिल्या. वेल्डिंग जाऊन दुमडलेल्या शिवणी आल्या, आतला लेप गेला, आणि पाना व नरसाळं पुन्हा गळ्यात पडलं. चांगली वस्तू हातात असताना तिच्यातला नेमका गुण काढून टाकणं, ही चूक पुढं आघाडीवरच्या माणसांना भोगावी लागली.

त्या काळी उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात लढणाऱ्या इंग्रजांकडे काय होतं? पातळ कथिल-पत्र्याचा चार गॅलनचा, म्हणजे अठरा लिटरचा चौकोनी डबा. मराठी वाचकाला त्याची ओळख करून द्यायला नको; आपल्याकडच्या रॉकेलच्या डब्याचाच तो सख्खा भाऊ. घरात तो वर्षानुवर्षं टिकतो, तुळस लावायलाही चालतो. पण ट्रकच्या हौद्यात दगडधोंड्यांवरून शे-दोनशे मैल नेला, की कोपऱ्यांचा डाख सुटतो आणि पेट्रोल ठिबकायला लागतं. तळापासून लढणाऱ्या तुकडीपर्यंत पोचेतो तीस टक्के पेट्रोल वाया जातं, असा अंदाज खुद्द सेनापती ऑकिनलेक यांनी केला होता. म्हणजे शंभर डबे निघाले तर तीस वाटेतच वाळूनं प्यायले. शिपायांना या डब्याचा खरा उपयोग सापडला तो चुलीसाठी. कापलेल्या डब्यात वाळू भरायची, वर पेट्रोल ओतायचं, काडी लावायची आणि चहाचं आधण ठेवायचं.

वाळवंटात गाडी कशी न्यायची हे इंग्रजांना शिकवलं राल्फ बॅग्नॉल्ड या सैनिकी अभियंत्यानं. 1920 च्या दशकात आणि पुढंही सुट्ट्या काढून तो मित्रांबरोबर साध्या फोर्ड गाड्यांनी लिबियाच्या वाळूत हिंडला. मधली काही वर्षं हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर नोकरीही केली. गाडीला जे जे त्रास झाले, त्यांवर त्यानं एकेक उपाय शोधला. रेडिएटर उकळून पाणी वाफेनं उडून जायचं. बॅग्नॉल्डनं ती वाफ नळीनं बाजूच्या अर्ध्या भरलेल्या डब्यात सोडली. इंजिन थंड झालं, की तेच पाणी ओढीनं रेडिएटरमध्ये परत यायचं. चाकं वाळूत रुतली, की खाली घालायला त्याला कैरोच्या भंगार बाजारात लांब पोलादी पन्हळी सापडल्या. पहिल्या महायुद्धात खंदकांवर छप्पर घालण्यासाठी त्या बनवल्या होत्या. आज आडवाटेवर जाणाऱ्या गाड्यांच्या टपावर ज्या भोकं पाडलेल्या पट्ट्या बांधलेल्या असतात, त्यांचं मूळ या भंगारात आहे.

बॅग्नॉल्ड युद्धकाळात इजिप्तमध्ये पोचला तोही एका अपघातानं. 1939 मध्ये तो केनियाला निघाला होता. भूमध्य समुद्रात त्याच्या जहाजाची टक्कर झाली, दुरुस्तीसाठी जहाज पोर्ट सैदला लागलं आणि या माणसाचं वाळवंटाचं ज्ञान तिथले सेनापती जनरल वेव्हेल यांच्या कानावर गेलं. 1940 च्या जुलैत बॅग्नॉल्डच्या पुढाकारानं लाँग रेंज डेझर्ट ग्रुपची स्थापना झाली. शेव्हरलेचे हलके ट्रक, सूर्यछायेवर चालणारं होकायंत्र, पन्हळी, वाफेचे डबे आणि पाण्याचा मोजून दिलेला वाटा घेऊन ही माणसं शत्रूच्या पिछाडीला शेकडो मैल आत जात. 1942 मध्ये त्यांना इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रन येऊन मिळाला. त्यात जाट, राजपूत, शीख आणि पंजाबी मुसलमान जवान होते. आपल्याकडे ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, ती सांगायला हवी.

इतकी तयारी असूनही काय होऊ शकतं, ते 31 जानेवारी 1941 ला दिसलं. लिबियाच्या आग्नेय टोकाला जेबेल शेरीफच्या टेकड्यांत या ग्रुपच्या मेजर पॅट क्लेटन यांच्या तुकडीवर इटालियन मोटारपथकानं हल्ला केला, वरून विमानंही आली. काही ट्रक जळाले, क्लेटन पकडले गेले, बाकीचे ट्रक निसटले. चौघं जण खडकांत मागं राहिले: न्यूझीलंडचा रोनाल्ड मूर, ईस्टन आणि विंचेस्टर हे दोन गार्ड्समन, आणि टाय नावाचा फिटर. मूरच्या पायाला जखम होती, ईस्टनच्या गळ्याला. उत्तरेला कुफ्राचं ओअॅसिस होतं, पण ते इटालियनांच्या हाती. तिथं जाणं म्हणजे शरण जाणं. चौघांनी दक्षिणेची वाट धरली, आपल्याच ट्रकच्या चाकोऱ्या बघत. बरोबर जेमतेम एक जॅमचा डबा आणि दोन गॅलनपेक्षा, म्हणजे नऊ लिटरपेक्षा कमी पाणी. दिवसा ऊन, रात्री जानेवारी-फेब्रुवारीची हाडं गोठवणारी थंडी. वाटेत सार्राची विहीर होती, पण इटालियनांनी ती आधीच बुजवून टाकली होती.

टाय थकून मागं राहिला. त्याला त्याच्या वाट्याचं पाणी देऊन बाकीचे पुढं गेले. दहाव्या दिवशी फ्रेंच सैनिकांना मूर सापडला तेव्हा तो अजून चालतच होता. जेबेल शेरीफपासून सुमारे 210 मैल, म्हणजे 340 किलोमीटरच्या आसपास. टाय आणि विंचेस्टरही वाचले. ईस्टन सापडला, पण त्याच दिवशी गेला. मूरला पुढं डिस्टिंग्विश्ड कंडक्ट मेडल मिळालं. चौघांच्या हाती आणखी एक भरलेला, न गळणारा वीस लिटरचा डबा असता तर पाणी तिप्पट झालं असतं. हे गणित साधं आहे आणि ते वाचताना जीव तुटतो.

वाळवंटातल्या इंग्रज शिपायांनी मग वरिष्ठांच्या निर्णयाची वाट पाहिली नाही. जर्मन डबे हाती लागले, की ते ठेवून घ्यायचे आणि मिळतील तेवढे जमवायचे. पाण्यासाठीच्या जर्मन डब्यांवर पांढरी फुली रंगवलेली असे, म्हणजे अंधारातही पेट्रोल आणि पाण्याची अदलाबदल होत नसे. 1942 च्या जुलैत स्पेशल एअर सर्व्हिस या इंग्रजांच्या छापामार पथकाला जीप मिळाल्या. त्यांवर मशीनगनच्या जोडीला या डब्यांच्या थप्प्या रचलेल्या असत, पुढं वाफेचा डबा लटकत असे. खरं तर सुरुवातीच्या जीपवर डबा अडकवायला जागाच नव्हती. ड्रायव्हरच्या आसनाखालच्या सत्तावन्न लिटरच्या टाकीवर भागेल असं धरलं होतं. मागची चौकट नंतर आली.

इंग्रजांनी अखेर जर्मन डब्याची जशीच्या तशी नक्कल करायला घेतली. युरोपातलं युद्ध संपेपर्यंत दोस्तांच्या बाजूनं दोन कोटींहून अधिक डबे वापरात आले होते. 1944 मध्ये फ्रान्समधून सैन्य वेगानं पुढं सरकलं, ते या डब्यांमुळे शक्य झालं असं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीही म्हटलं. मात्र तिथं वेगळीच आपत्ती ओढवली. टाकी भरली, की शिपाई रिकामा डबा रस्त्याकडेला टाकून पुढं जात. लाखो डबे खंदकांत आणि शेतांत पडून राहिले. पेट्रोल बंदरात होतं, पण ते आघाडीवर न्यायला डबे पुरेनात. शेवटी फ्रेंच नागरिकांना, शाळकरी मुलांनासुद्धा, डबे गोळा करून देण्याचं आवाहन करावं लागलं.

युद्ध संपलं आणि या गाड्या लिलावात निघाल्या. जुन्या लष्करी गाड्या हौसेखातर घेऊन हिंडणाऱ्यांचा काळ इथून सुरू होतो, आणि त्यातल्या सर्वांत धाडसी प्रवासाची कल्पना सुचली ती बंगालमध्ये. ऑस्ट्रेलियन बेन कार्लिन हिंदुस्थानी सैन्याच्या अभियंता दलात मेजर होता. 1946 मध्ये कलाईकुंडाच्या हवाई तळावर त्यानं पाण्यात चालणारी फोर्ड जीप पाहिली आणि हिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा करता येईल, असं त्याच्या मनानं घेतलं. बारा हजारांहून अधिक संख्येनं बनलेली ही गाडी लष्कराला फारशी रुचली नव्हती. जड होती आणि लाटेत तिची कड पाण्याच्या फार जवळ यायची. कार्लिननं 1947 मध्ये अमेरिकेतल्या लिलावात 901 डॉलरला एक घेतली, तिला बंद केबिन आणि जादा टाक्या बसवल्या, आणि पत्नी एलिनोरला घेऊन अटलांटिकमध्ये शिरला.

1948 चा पहिला प्रयत्न इंजिनाच्या धुरानं फसला. बंद केबिनमध्ये तो साचून दोघांचा जीव जायची वेळ आली. पुढच्या एका खेपेला भर समुद्रात प्रोपेलरचा शाफ्ट अडकला आणि एका तेलवाहू जहाजानं गाडीसकट दोघांना उचललं. एवढं होऊनही 19 जुलै 1950 ला ती दोघं हॅलिफॅक्सहून पुन्हा निघाली आणि 32 दिवसांनी अझोर्समधल्या फ्लोरेस बेटाला लागली. आशियात पोचल्यावर एलिनोर या प्रवासातून बाहेर पडली. कार्लिननं 1958 च्या मे महिन्यात कॅनडात परतून फेरा पुरा केला. ती गाडी, ‘हाफ-सेफ’, आज पर्थमध्ये त्याच्या जुन्या शाळेत ठेवलेली आहे.

आपल्याकडे जीप रुजली ती मुंबईत. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी विलिसच्या जीपचे सुटे भाग आणवून माझगावला जोडायला सुरुवात केली. पुढं 1969 पासून जबलपूरच्या लष्करी कारखान्यात निसानच्या बनावटीवरून जोंगा नावाची गाडी तयार झाली आणि तीस वर्षं चालली. सैन्यानं काढून टाकलेल्या जीप, जोंगा आणि जिप्सी ‘डिस्पोजल’च्या लिलावांतून नागरिकांच्या हाती आल्या. सह्याद्रीच्या घाटवाटांवर, पावसाळी ओढ्यांत आणि चिखलात त्यातल्या काही अजूनही फिरतात.

तिथं घडणाऱ्या फजित्यांत वाळवंटातल्या ओळखीच्या गोष्टी पुन्हा दिसतात. दोर असतो, पण तो अडकवायचा शॅकल घरी राहतो. पाठीवर डबा असतो, पण तो शोभेचा आणि रिकामा. भरलेला असला तर ओतायची नळी सापडत नाही, मग पाण्याची बाटली कापून नरसाळं करायचं आणि निम्मं पेट्रोल बंपरवर सांडायचं. झाकणाखालचा रबरी वायसर वाळून तडकलेला असतो, घाटातल्या हादऱ्यांनी तिथून गळती लागते. सर्वांत वाईट म्हणजे कधीकाळी पेट्रोल भरलेल्या डब्यात धुऊन पाणी भरणं. त्याचा वास आणि चव कितीही विसळलं तरी जात नाही, आणि ते पाणी प्यायच्या लायकीचंही राहत नाही. म्हणून पाण्याचा डबा पहिल्यापासून वेगळा घ्यायचा, आतून लेप असलेला किंवा सरळ प्लास्टिकचा. रंग वेगळा द्यायचा आणि वर ठळक खूण करायची. भरलेला डबा वीस किलोंहून जड होतो, तो मागच्या दारावर लोंबकळत न ठेवता चाकांच्या आसाजवळ खाली बांधायचा. आणि झाकणाचा एक जादा वायसर पान्यांच्या पिशवीत टाकून ठेवायचा.