मुलांच्या दातांचे उपचार: विमा किती कामाचा आणि कमी खर्चात काय होऊ शकतं?

पाच-सहा वर्षांच्या मुलाची दाढ रात्री ठणकायला लागते. दुसऱ्या दिवशी डॉक्टर सांगतात की चार दाढा किडल्या आहेत, त्यातल्या दोन दाढांचं रूट कॅनल करून वर कॅप बसवावी लागेल. खर्चाचा आकडा ऐकल्यावर घरात पहिला प्रश्न निघतो: आपल्या मेडिक्लेममध्ये हे बसतं का? बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच असतं. पण तेवढ्यावर थांबायचं कारण नाही. मुलांच्या दातांवर कमी पैशांत चांगले उपचार मिळतात, फक्त ते विमा कंपनीच्या खिडकीवर मिळत नाहीत.

मेडिक्लेममध्ये दात का बसत नाहीत?

आपल्याकडचा आरोग्य विमा मुळात रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चासाठी आहे. किमान 24 तास दाखल असणं किंवा डे-केअर प्रक्रियांच्या यादीत उपचार असणं, ही त्याची नेहमीची अट. दातात सिमेंट भरण्याचं काम मात्र खुर्चीत बसून अर्ध्या तासात उरकतं. दुसरं कारण विम्याच्या हिशोबातलं आहे. विमा चालतो तो कधीतरी, कुणावर तरी अचानक येणाऱ्या मोठ्या खर्चावर. दाताची कीड हळूहळू वाढते, पुष्कळ मुलांना होते आणि दिसल्यावरही माणूस पॉलिसी घेऊ शकतो. त्यामुळे अशा खर्चाचा प्रीमियम जवळपास उपचाराइतकाच होऊन बसतो.

म्हणून अनेक पॉलिसींमध्ये दातांचे उपचार वगळलेले असतात आणि अपवाद असतो तो अपघाताचा, तोही दाखल व्हावं लागलं तर. वाकडे दात सरळ करण्याच्या तारा तर जवळपास सगळीकडेच बाहेर. 2020 पासून सर्व कंपन्यांकडे सारख्याच अटींवर मिळणाऱ्या 'आरोग्य संजीवनी' पॉलिसीत आजार किंवा इजेमुळे लागणारे दंतोपचार धरलेले आहेत, पण दाखल होण्याच्या चौकटीतच. एक प्रसंग इथे महत्त्वाचा आहे. तीन वर्षांच्या मुलाचे आठ-दहा दात किडलेले असतील आणि ते खुर्चीत बसतच नसेल, तर डॉक्टर रुग्णालयात पूर्ण भूल देऊन सगळं एकदम करण्याचा सल्ला देतात. असा सल्ला मिळाला तर भूल का लागणार आहे हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि उपचाराआधी कंपनीला लेखी विचारा. फोनवरच्या 'हो, चालेल'ला दाव्याच्या वेळी काही किंमत राहत नाही.

इंटरनेटवर मुलांच्या डेंटल इन्शुरन्सबद्दल जे वाचायला मिळतं, ते बरंचसं अमेरिकेतलं असतं. तिथे 2010 च्या आरोग्य कायद्याने मुलांच्या दातांची काळजी आवश्यक लाभांमध्ये घातली आहे. ब्रिटनमध्ये 18 वर्षांखालच्या मुलांना सरकारी आरोग्यसेवेतून हे उपचार मोफत मिळतात. तिकडे राहणाऱ्या भाचीचा सल्ला तिच्यासाठी बरोबर असतो, इथे तो लागू पडत नाही.

ओपीडी कव्हर घ्यावं का?

काही कंपन्या जादा प्रीमियम घेऊन ओपीडीचा खर्च देतात आणि त्यात दातही येतात. इथे कागद-पेन्सिल घेऊन बसावं. समजा, या सोयीसाठी वर्षाला 3,000 रुपये जास्त पडतात आणि दातांसाठी वर्षाची मर्यादा 5,000 रुपये आहे. म्हणजे प्रत्यक्षात तुम्हाला जास्तीत जास्त 2,000 रुपयांचं संरक्षण मिळालं, तेही पूर्ण मर्यादा वापरली तर. घरात दोन-तीन मुलं असतील आणि मर्यादा प्रत्येकासाठी वेगळी असेल, तरच हे गणित बरं दिसू लागतं. मर्यादा माणशी की कुटुंबाला, प्रतीक्षा काळ किती, कुठल्याही दवाखान्यात चालतं की ठरावीकच, हे तीन प्रश्न विचारा. पॉलिसी हातात आल्यावर अटी पटल्या नाहीत, तर 30 दिवसांत ती परत करता येते.

दवाखान्यांच्या साखळ्या जे वार्षिक 'डेंटल प्लॅन' विकतात, ते बहुधा विमा नसून सवलतीचं कार्ड असतं. मूळ दर दवाखानाच ठरवणार आणि त्यावर सूटही तोच देणार. वर्षभराची तपासणी आणि सफाई त्यात मोफत असेल आणि दवाखाना घराजवळ असेल तर घ्यायला हरकत नाही. पण तक्रार झाली तर विमा लोकपाल त्यात पडणार नाही.

जे आधीच तुमच्या हक्काचं आहे

महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या आणि ईएसआयसी कापली जाणाऱ्या कामगारांच्या मुलांना ईएसआय रुग्णालयांत दातांचे उपचार मिळतात. पगारातून दरमहा 0.75 टक्के जातात, पण त्यात दात येतात हे कित्येकांना ठाऊकच नसतं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएसमध्येही दंतोपचार आहेत. नोकरीतला ग्रुप मेडिक्लेम असेल तर एचआरकडून पूर्ण अटी मागवा, कारण काही कंपन्या त्यात दातांसाठी छोटी रक्कम ठेवतात. महात्मा फुले जनआरोग्य योजना मात्र दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. साधी कीड भरून घ्यायला तिचा उपयोग नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघरमधूनच सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा, तर सरकारी आणि अनुदानित शाळांत एकदा येऊन 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात. तपासायच्या आजारांत दातही आहेत आणि पुढचे उपचार मोफत करण्याची तरतूद आहे. अडचण होते ती पुढच्या पायरीवर. शाळेतून आलेली चिठ्ठी दप्तरातच राहते. ती काढून मुलाला तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात नेणं, एवढं काम पालकांचं.

दंत महाविद्यालयाची वाट

पैसे कमी आणि काम जास्त असेल, तर माझ्या मते हा सगळ्यात चांगला मार्ग. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे आणि गोव्यात बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय. खासगी दंत महाविद्यालयांतही दर बाहेरच्या दवाखान्यांपेक्षा बरेच कमी असतात, कारण विद्यार्थ्यांना शिकायला रुग्ण लागतात.

तिथे केसपेपर काढून मुलांच्या दातांच्या वेगळ्या विभागात पाठवतात. काम करणारे बहुधा पदव्युत्तर विद्यार्थी असतात आणि प्रत्येक टप्पा शिक्षक तपासतात. 'शिकाऊ डॉक्टर' म्हणून घाबरू नये. घाई नसल्याने ही मुलं लहानग्यांशी जास्त सबुरीने वागतात. किंमत मोजावी लागते ती वेळेची. सकाळी लवकर जाणं, रांग आणि एका दातासाठी दोन-तीन खेपा. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला या खेपा परवडत नाहीत, हेही खरं. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा, एका बैठकीत जास्तीत जास्त किती दात होतील?

दुधाचे दात पडणारच, मग खर्च कशाला?

हा प्रश्न आजी-आजोबाच नाही, आईवडीलही विचारतात. पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. पाचव्या वर्षी किडलेल्या दाढेने आणखी पाच-सहा वर्षं चावायचं असतं. ती लवकर काढली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात, खालून येणारा कायमचा दात वाकडा येतो आणि पुढे तारांचा मोठा खर्च उभा राहतो. ज्या दाढेला पडायला थोडेच महिने उरलेत, तिच्यावर मात्र रूट कॅनलची गरज नसू शकते. ते स्पष्ट विचारावं.

सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे एक नवी दाढ उगवते. ती यायला आधी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे घरचे तिला दुधाचीच समजतात. ती कायमची दाढ असते, तिला बदली नाही. तिच्या खोल खाचा किडण्याआधीच पातळ थराने बुजवून घेता येतात. हे काम बिनदुखण्याचं असतं आणि रूट कॅनलच्या तुलनेत फारच स्वस्त. लहान मुलाच्या किडीवर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं औषध लावून ती थांबवण्याचाही पर्याय आहे. किडलेला भाग काळा पडतो, पण ड्रिल लागत नाही.

घरी करायचं ते थोडकं आहे. पहिला दात आल्यापासून फ्लोराइडची पेस्ट, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचं ब्रशिंग मोठ्या माणसानेच करून द्यावं. बाटलीतलं गोड दूध तोंडात ठेवून झोपवणं आणि चोखणी मधात बुडवणं बंद. बिस्किट दिवसातून किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, याने दात जास्त बिघडतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या ज्या गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे पेस्टबद्दल आधी डॉक्टरांना विचारावं.

दात पडला तर

खेळताना कायमचा दात मुळासकट निघाला, तर तो मुळाला हात न लावता उचला, दुधात ठेवा आणि तासाभरात दंतवैद्याकडे पोहोचा. तो परत बसू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत. विम्याचा अपघाताचा अपवाद अशाच वेळी कामाला येऊ शकतो, म्हणून इजा कशी आणि किती वाजता झाली हे डॉक्टरांच्या पहिल्या कागदावरच लिहून घ्या, एक्स-रे आणि बिलं जपून ठेवा.