सरकी कोणी निवडायची?

आमचा अहमदपूर तालुका निजामी अमलात बिदर जिल्ह्यात होता. १९५६ साली तो तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आला, आणि १९८२ पासून लातूरमध्ये आहे. राजवटी बदलल्या की त्यांचा इतिहास लिहिला जातो. शेतातल्या बियाण्याचा क्वचितच.

मराठवाड्याच्या काळ्या रानातली जुनी कपाशी म्हणजे गावरानी. नांदेडकडची गावरानी रुई निजामाच्या राज्यात धाग्यासाठी नावाजलेली होती. भरलेली, निरोगी बोंडे वेगळी वेचायची, त्यांची सरकी राखायची, शेणामातीत घोळून पेरायची. मेंडेलचे नावही न ऐकलेल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या असे वाण घडविले. पुढे जिनिंगचे कारखाने आले, गावोगावची सरकी एकमेकांत मिसळली आणि निवडीचे काम हळूहळू सरकारी संशोधन केंद्रांकडे गेले.

नंतरची पायरी संकराची. १९७० साली सुरतेत सी. टी. पटेल यांनी एच-४ हा जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. १९८० च्या दशकात नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा एनएचएच-४४ आला आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या पसंतीस उतरला. असे बी तयार करताना कळीतले पुंकेसर हाताने काढून दुसऱ्या वाणाचे पराग लावतात. उत्पन्न वाढते, पण त्या पिकाची सरकी पेरली तर पुढच्या वर्षी झाडे एकसारखी येत नाहीत. बी दरसाल विकत घेणे आले.

मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कपाशीत घातले, आणि बोंडअळीला मारणारे प्रथिन झाडातच तयार होऊ लागले. सुरुवातीला फवारण्या खरोखरच कमी झाल्या. पण निवड फक्त माणूसच करतो असे थोडेच आहे! जे विष पचवून जगल्या त्या अळ्यांचीच वीण वाढली, आणि २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातली कपाशी पोखरली.

यासाठी विज्ञानाला दोष देऊन भागणार नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने देशी कपाशीतून लांब धाग्याचे वाण काढले. त्यांपैकी एकाचे नाव ‘परभणी तुराब’. ते सरळ वाण असल्याने घरची सरकी पुन्हा पेरता येते. तेही विज्ञानच! संकर असो की जनुक, शेतकऱ्याला आपले बी राखता येईल का, एवढे प्रत्येक नव्या वाणाला विचारलेच पाहिजे.