लेप लावण्याची विद्या आणि लेप काढण्याची विद्या

दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशाच्या सीमेवर आणि प्रशांत महासागरातील बेटांवर दोस्त सैन्याची रेडिओयंत्रे गोळी न लागताही मुकी होत होती. युरोप-अमेरिकेच्या हवामानासाठी तयार झालेली ही यंत्रे पावसाळी जंगलात पोहोचली, की त्यांच्या तारांवरील सुती वेष्टणावर, कागदी कपॅसिटरांवर आणि लाकडी पेट्यांच्या आत बुरशी चढे. बुरशीचा ओलसर तंतू दोन तारांना जोडणारा पूल ठरे आणि जिथे वीज वाहू नये तिथून ती झिरपू लागे. शत्रूइतकाच दमटपणाही धोकादायक आहे, हे तंत्रज्ञांना या रणभूमीने शिकवले.

अमेरिकी सैन्याच्या सिग्नल कोअरने यावर जो उपाय रूढ केला, तो आजच्या सर्किट बोर्डांवरील संरक्षक लेपाचा थेट पूर्वज मानता येतो. यंत्र उघडायचे, भट्टीत मंद उष्णतेने वाळवायचे, स्विच, जोडण्या आणि फिरते भाग झाकून घ्यायचे आणि मग बुरशीनाशक मिसळलेले व्हार्निश फवारायचे. काम पूर्ण झाले, की यंत्रावर ‘एमएफपी’ ही अक्षरे आणि तारीख नोंदवली जाई. ओलावा व बुरशीपासून रक्षण, असा त्या अक्षरांचा अर्थ. या कृतीत फवारणीइतकेच महत्त्व आधीच्या वाळवण्याला होते. ओल्या यंत्रावर व्हार्निश चढवले, तर ओल आतच कोंडली जाते. पुढील ऐंशी वर्षांचा इतिहास या एका सूत्राभोवती फिरत राहिला.

लेपाची कल्पना मात्र महायुद्धाहून जुनी आहे आणि तिच्या मुळाशी भारतातील एक कीटक आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे जी राळ स्रवतात, तिच्यापासून तयार होणारी चपडी लाख एकोणिसाव्या शतकात विजेच्या गुंडाळ्यांवर विद्युतरोधक व्हार्निश म्हणून वापरली जाई. विजेच्या उद्योगाबरोबर लाखेची मागणी वाढली. १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे लाख संशोधन संस्था उभी राहिली. त्याआधीच, १९०७ मध्ये, लिओ बेकलँड यांनी लाखेला पर्याय शोधता शोधता बेकेलाइट हे कृत्रिम प्लॅस्टिक घडवले होते. त्याच फिनॉलिक राळेत भिजवलेल्या कागदाचे तपकिरी पत्रे पुढे स्वस्त सर्किट बोर्डांचा पाया बनले.

मुद्रित परिपथाचे बोर्ड, म्हणजेच पीसीबी, व्यवहारात आणण्याचे श्रेय सामान्यतः व्हिएन्नात जन्मलेले अभियंता पॉल आइसलर यांना दिले जाते. १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये त्यांनी छापील परिपथ असलेला रेडिओ तयार केला. युद्धानंतर, १९५० च्या दशकात, हे तंत्र कारखान्यांत पसरले. तारांच्या गुंत्याची जागा तांब्याच्या पातळ पट्ट्यांनी घेतली. सोय झाली, तसा धोकाही वाढला. तारेला स्वतःचे वेष्टण असे. पट्टी उघडी होती, आणि शेजारची पट्टी दर पिढीत अधिक जवळ येत होती.

या जवळिकीतून घडणारा बिघाड समजून घेतला, की लेपाचे काम ध्यानात येते. बोर्डावर हवेतील बाष्पाचा अदृश्य थर जमतो. त्यात हाताच्या घामातील मीठ किंवा सोल्डर करताना उरलेले फ्लक्सचे क्षार विरघळले, की तो थर वीज वाहू देतो. मग धन बाजूच्या पट्टीतील धातूचे अणू आयन होऊन निघतात, ऋण बाजूकडे सरकतात आणि तिथे झाडाच्या फांद्यांसारखे साचत जातात. फांदी समोरच्या पट्टीला टेकली, की परिपथ तिथेच आखूड होतो. पाणी, क्षार आणि विद्युतदाब हे तिघे एकत्र आल्याखेरीज हे घडत नाही. लेपाचे काम या त्रिकुटाला एकत्र येऊ न देण्याचे.

हा लेप बोर्डावरील प्रत्येक उंचसखल भागाचा आकार धरून बसतो, म्हणून त्याला कॉन्फॉर्मल कोटिंग म्हणतात. १९७२ मध्ये अमेरिकी सैन्याच्या एका मानकाने त्याची पाच घराणी निश्चित केली : ॲक्रिलिक, इपॉक्सी, सिलिकोन, पॉलियुरेथेन आणि पॅरिलीन. पहिल्या दोघांचा आणि पॉलियुरेथेनचा थर साधारण २५ ते ७५ मायक्रोमीटरचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या आसपास. सिलिकोनचा याहून जाड चालतो, पॅरिलीनचा पातळ पुरतो. ॲक्रिलिक लवकर वाळते. पॉलियुरेथेन रसायनांना दाद देत नाही. सिलिकोन उष्णता सोसते आणि लवचिक राहते. इपॉक्सी कठीण कवचासारखी बसते.

पॅरिलीनची जन्मकथा या सर्वांहून निराळी. १९४७ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात पोलंडहून आलेले रसायनशास्त्रज्ञ मायकेल श्वार्झ यांना एका तापवलेल्या नळीच्या थंड टोकाला पातळ पापुद्रा जमलेला दिसला. पुढे युनियन कार्बाइडमध्ये विल्यम गोरहॅम यांनी त्यापासून नियंत्रित पद्धत उभारली आणि १९६५ मध्ये ती बाजारात आली. या पद्धतीत घन पदार्थाची सुमारे १५० अंश सेल्सिअसला वाफ करतात, सुमारे ६८० अंशांवर तिचे रेणू दुभंगतात आणि जवळजवळ निर्वात कक्षात, खोलीच्या तापमानाला, ते बोर्डावर थेट घन होऊन बसतात. द्रव अवस्था मध्ये येतच नाही. त्यामुळे थेंब ओघळत नाहीत, कडा उघड्या राहत नाहीत आणि सुट्या भागांच्या खालची फटही झाकली जाते.

लेप चढवण्याच्या विद्येने अशी मजल मारली, तेव्हा लेप काढण्याचा प्रश्न दुरुस्तीच्या टेबलावर येऊन पडला होता. बोर्डावरील एक भाग बिघडला, तर तो बदलण्याआधी त्यावरचे आवरण हटवावे लागते, आणि आवरण जितके चिवट, तितके हे काम अवघड. ॲक्रिलिक साध्या द्रावकात विरघळते. सिलिकोन विरघळत नाही, फुगते. मग ते कापून, खरवडून काढावे लागते. पॉलियुरेथेन सोल्डरिंगच्या तापत्या टोकाने भेदता येते, पण त्यातून निघणारा धूर फुप्फुसांना घातक असतो. इपॉक्सीची अडचण सर्वांत गंभीर. चांगले बोर्ड स्वतः काचतंतू आणि इपॉक्सी राळ यांचेच बनलेले असते. जे द्रावक लेप खाईल, ते बोर्डाचे अंगही खाईल. पॅरिलीनवर कोणतेच सामान्य द्रावक चालत नाही. तिथे खाण्याच्या सोड्यासारखी बारीक भुकटी हवेच्या झोतातून मारून थर झिजवतात. या घर्षणातून स्थिर विद्युत निर्माण होते आणि तिच्या एका ठिणगीने चांगली चिप जाऊ शकते, म्हणून झोताबरोबर आयनयुक्त हवा सोडावी लागते. कठीण लेपांसाठी एकेकाळी सर्रास वापरले जाणारे मिथिलीन क्लोराईड कामगारांच्या आरोग्याला इतके अपायकारक ठरले, की अमेरिकेने २०२४ मध्ये त्याच्या बहुतेक उपयोगांवर बंदी घातली.

लेप काढल्यावर आणखी एक गोष्ट उघड होई. अनेक बिघडलेल्या बोर्डांवर लेप शाबूत असूनही त्याखाली बारीक फोड आलेले असत. कारण असे, की बहुवारिकाचा कोणताही पातळ थर बाष्पाला पूर्णपणे अडवत नाही, त्याचा वेग तेवढा कमी करतो. आत क्षाराचा कण राहिला असेल, तर आत शिरलेले बाष्प तो शोषतो, तिथे पाण्याचा सूक्ष्म थेंब तयार होतो आणि दाबाने लेप उचलला जातो. अस्वच्छ बोर्डावर चढवलेला लेप मळाला संरक्षण देतो. वाळवल्याविना व्हार्निश फवारू नये, हा जंगलातील जुना धडा रसायनशास्त्राच्या भाषेत पुन्हा समोर आला.

म्हणून १९७० च्या दशकात स्वच्छता मोजण्याचे प्रयत्न सुरू झाले. बोर्ड धुऊन त्या द्रवाची विद्युतवाहकता मोजायची आणि दर चौरस सेंटीमीटरला १.५६ मायक्रोग्रॅम मिठाएवढ्या क्षारांच्या आत ती असावी, असा दंडक पडला. तो चार दशके टिकला. २०१८ मध्ये उद्योगाने तो कालबाह्य ठरवला, कारण एकच आकडा सर्व प्रकारच्या बोर्डांना लागू पडत नाही. दरम्यान धुण्याचे साधनही बदलले होते. बोर्ड धुण्यास वापरले जाणारे सीएफसी-११३ ओझोनच्या थराला घातक ठरले. १९८७ च्या माँट्रियल करारात भारत १९९२ मध्ये सामील झाला आणि जगभर पाण्याने धुण्याच्या किंवा न धुता चालणाऱ्या फ्लक्सच्या पद्धती आल्या. न धुतलेल्या बोर्डावर लेप चिकटेल का, हा प्रश्न त्याबरोबरच आला.

पुढे लेपावर नवी कामगिरी पडली. शुद्ध कथिलाच्या मुलाम्यातून केसाहूनही बारीक धातूचे तंतू आपोआप उगवतात. १९९८ मध्ये गॅलेक्सी-४ उपग्रह निकामी होऊन अमेरिकेतील बहुसंख्य पेजर बंद पडले, त्या प्रकरणात तपासाचा रोख याच तंतूंवर होता. २००६ पासून युरोपने शिशाच्या वापरावर मर्यादा आणल्यावर शिसेविरहित कथिलाचा वापर वाढला, आणि हे तंतू आवरणाखाली रोखून धरण्यासाठी पुरेसा जाड लेप हा एक मार्ग ठरला. अवकाशात लेपाने आणखी एक परीक्षा द्यावी लागते : निर्वातात १२५ अंशांवर २४ तास ठेवल्यावर त्याचे वजन १ टक्क्याहून अधिक घटता कामा नये, आणि त्यातून उडून दुसरीकडे साचणारा अंश ०.१ टक्क्यापलीकडे जाता कामा नये. तसे न झाल्यास उडालेली वाफ कॅमेऱ्याच्या भिंगावर जमते.

भारतासाठी हा विषय दूरचा नाही. आपले अवकाशबंदर श्रीहरिकोटा समुद्रकाठी आहे. निर्वातात जाण्याआधी रॉकेटला खाऱ्या, दमट हवेत उभे राहावे लागते. संरक्षण दलांच्या जेएसएस ५५५५५ या मानकात इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी दमट उष्णता, खारटपणा, धूळ आणि बुरशी यांच्या चाचण्या आहेत. ब्रह्मदेशाच्या जंगलातील शत्रू आजही त्या यादीत आहे. नागरी जीवनातही वीजमीटर, पथदिवे आणि विजेवरील दुचाकींचे नियंत्रक मे महिन्याचे ऊन आणि जुलैचा पाऊस एकाच वर्षात सोसतात. त्यांचे बोर्ड लेपाने झाकले जातात, काही वेळा तर पूर्णपणे राळेत बुडवून घट्ट केले जातात.

इथेच खरी कसोटी आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. पण राळेत कायमचे गाडलेले बोर्ड कोणत्याही कायद्याने दुरुस्त होत नाही. एखादा लहानसा कपॅसिटर गेला, तरी संपूर्ण बोर्ड कचऱ्यात जाते. पाऊस सोसणारे आणि तरीही दुरुस्त होणारे बोर्ड हवे असेल, तर लेप कोणता लावायचा हे ठरवतानाच तो कसा काढायचा, कोण काढणार आणि काढणाऱ्याच्या श्वासात काय जाणार, हेही ठरवावे लागेल. युद्धकाळातील तंत्रज्ञ लेपाआधी यंत्र वाळवत आणि लेपानंतर त्यावर तारीख लिहून ठेवत. पुढे कोणीतरी हे यंत्र पुन्हा उघडणार आहे, ही जाणीव त्या तारखेत होती.