नाममुद्रा, माध्यम आणि मालकी : ‘किर्लोस्कर खबर’ ते ऑनलाइन विपणन – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश :
ऑनलाइन विपणनाचा इतिहास साधारणतः १९९४ नंतरच्या अमेरिकेपासून सांगितला जातो. प्रस्तुत निबंधात तो महाराष्ट्रातील एका जुन्या प्रयोगाच्या प्रकाशात पाहण्याचा प्रयत्न केला आहे. नांगर तयार करणाऱ्या एका कारखान्याने १९२० मध्ये स्वतःचे मासिक काढून ग्राहकाशी नाते जोडले. त्या प्रयोगाची आजच्या ऑनलाइन विपणनाशी तुलना केली असता, नाममुद्रेच्या टिकाऊपणाचा प्रश्न तंत्रापेक्षा माध्यमाच्या मालकीशी अधिक निगडित आहे, असे दिसून येते.

महत्त्वाच्या संज्ञा : नाममुद्रा, स्वदेशी, किर्लोस्कर खबर, ऑनलाइन विपणन, समाजमाध्यमे, ग्राहकविश्वास.

१. प्रस्तावना

वस्तू चांगली असणे आणि ती चांगली आहे असा लोकांचा विश्वास असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या दोहोंमधील अंतर भरून काढण्याचे काम नाममुद्रा करते. आज ज्याला व्यवहारात ‘ब्रँड’ म्हटले जाते, ती नाममुद्रा म्हणजे केवळ चिन्ह किंवा नाव नव्हे. ती ग्राहकाच्या मनात साठलेली पत होय. ही पत कशी निर्माण होते, कोणत्या माध्यमातून वाढते आणि कोणत्या कारणाने नष्ट होते, हा वाणिज्याइतकाच इतिहासाचाही विषय आहे.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत इंटरनेटमुळे विपणनाचे स्वरूप झपाट्याने बदलले. गावातील बचत गटापासून मोठ्या उद्योगसमूहापर्यंत प्रत्येकजण आपला माल पडद्यावर मांडू लागला. ग्राहकाला उपयुक्त मजकूर सातत्याने पुरवून त्याचा विश्वास संपादन करण्याच्या पद्धतीला ‘कंटेंट मार्केटिंग’ असे नाव मिळाले आणि ती नवी म्हणून शिकवली जाऊ लागली. वस्तुतः ही पद्धत नवी नाही. अमेरिकेत नांगर बनवणाऱ्या डिअर कंपनीने १८९५ मध्ये ‘द फरो’ हे शेतकऱ्यांसाठीचे नियतकालिक सुरू केले होते. महाराष्ट्रातही एका नांगराच्या कारखान्याने तोच मार्ग यशस्वीपणे चोखाळला.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे दोन आहेत : (१) ‘किर्लोस्कर खबर’च्या प्रयोगाचे विपणनाच्या इतिहासातील स्थान निश्चित करणे, (२) त्या आधारे भारतातील ऑनलाइन विपणनाच्या वाटचालीचे मूल्यमापन करणे. त्यासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

२. चिन्ह, कायदा आणि स्वदेशी

ब्रिटनमध्ये व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा १८७५ मध्ये झाला. १ जानेवारी १८७६ रोजी बास या मद्य कंपनीचा लाल त्रिकोण हे पहिले नोंदणीकृत चिन्ह ठरले. भारतात मालावरील खोट्या खुणांना आळा घालणारा कायदा १८८९ मध्ये आला. परंतु व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा होण्यास १९४० साल उजाडावे लागले. म्हणजेच येथील देशी उद्योगांचा पाया ज्या काळात घातला गेला, त्या काळात नावाला कायद्याचे पाठबळ तोकडे होते. पत ही मुख्यतः लोकांच्या बोलण्यावर आणि छापील शब्दावर उभी राहत असे.

१९०५ च्या वंगभंगानंतर स्वदेशीच्या चळवळीने या नावांना नवा अर्थ दिला. तळेगाव येथे पैसा फंडाच्या साहाय्याने १९०८ मध्ये काच कारखाना उभा राहिला. कऱ्हाडजवळ १९१६ मध्ये स्थापन झालेल्या ओगले काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोहोचला. प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलापासून बनवलेला गोदरेजचा साबण हा तर धार्मिक भावना आणि देशाभिमान या दोहोंना एकाच वेळी साद घालणारा होता. या काळातील ग्राहक वस्तूबरोबर एक भूमिकाही विकत घेत होता. मात्र स्वदेशीचा उत्साह ओसरल्यावर काय, हा प्रश्न प्रत्येक उद्योजकापुढे होता. भावनेने पहिली खरेदी होते. दुसऱ्या खरेदीसाठी अनुभव आणि नित्याचा संबंध लागतो.

३. किर्लोस्करवाडीचा प्रयोग

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी मुंबईतील व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील अध्यापनाचे काम सोडून बेळगाव येथे सायकलींचा व्यवसाय आणि पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर यांचे उत्पादन सुरू केले. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी त्या काळच्या शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे त्यांच्यापुढील अडचण तांत्रिक नव्हती. ती विश्वासाची होती. बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितल्यावर औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळील माळरान देऊ केले. तेथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. आज हे ठिकाण सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात आहे.

१९२० हे वर्ष या उद्योगाच्या दृष्टीने दुहेरी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित कंपनी झाली आणि त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर (१८९१–१९७५) हे त्याचे संपादक. ते चित्रकार होते आणि कारखान्याच्या जाहिरातीचे काम पाहत होते. कारखान्याची व त्याच्या मालाची माहिती ग्राहकांपर्यंत नेणे हा मासिकाचा मूळ हेतू होता. परंतु निव्वळ मालाची स्तुती कोणी फार दिवस वाचत नाही. त्यामुळे ‘खबरे’तील कारखान्याची बातमी हळूहळू मागे सरली आणि उद्योग, सामाजिक सुधारणा, विज्ञाननिष्ठा, कथा व व्यंगचित्रे यांना जागा मिळत गेली. नावातील ‘खबर’ गळून ‘किर्लोस्कर’ एवढेच उरले. पुढे १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे त्यास मिळाली.

या मासिकांकडे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांनी बरेच लक्ष दिले आहे. विपणनाच्या अंगाने पाहता त्यातील तीन गोष्टी नजरेत भरतात. पहिली, माध्यम कारखान्याच्या मालकीचे होते. मजकूर केव्हा, किती आणि कोणाला पाठवायचा हे किर्लोस्करवाडीतच ठरत असे. दुसरी, वर्गणीदारांची यादी प्रकाशकाजवळ होती. ग्राहक आणि उद्योग यांच्यामध्ये टपाल खात्याखेरीज कोणी उभा नव्हता आणि टपाल खाते ग्राहकाची निवड करीत नव्हते. तिसरी, हे मासिक कोणाचे आहे हे मुखपृष्ठावरील नावावरूनच कळत होते. वाचकाची फसगत होत नव्हती. ज्याने कधीही नांगर घेतला नाही, अशा शिक्षिकेच्या किंवा कारकुनाच्या घरातही ‘किर्लोस्कर’ हे नाव आदराने पोहोचले, याचे श्रेय या तिन्ही गोष्टींना एकत्रितपणे द्यावे लागेल.

४. भारतातील ऑनलाइन विपणन : तीन टप्पे

२७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकन संकेतस्थळावर जाहिरातीच्या पट्ट्या प्रथम झळकल्या. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा खुली केली. तेव्हापासूनच्या वाटचालीचे स्थूलमानाने तीन टप्पे पाडता येतात.

पहिला टप्पा संकेतस्थळांचा. या काळात उद्योगाने आपल्या नावाने जागा नोंदवावी, तेथे मालाची माहिती द्यावी आणि ग्राहकाने आपणहून यावे, अशी रीत होती. वेग कमी आणि वाचक मोजके असले तरी जागेवर बहुतांशी उद्योगाचेच नियंत्रण होते. या अर्थाने पहिला टप्पा ‘खबर’च्या परंपरेला जवळचा आहे.

दुसरा टप्पा शोधयंत्रांचा. गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये जाहिरात सेवा सुरू केली आणि शब्दांचाच लिलाव होऊ लागला. ‘हापूस’ किंवा ‘पैठणी’ असा शब्द टंकित करणाऱ्या ग्राहकासमोर प्रथम कोण दिसणार, हे मालाच्या गुणाबरोबरच बोलीच्या रकमेवरही ठरू लागले. फेब्रुवारी २०१८ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल गूगलला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दुकानाची पाटी कोठे लावायची हे ठरवणारा स्वतःही त्याच बाजारात उतरला तर काय होते, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

तिसरा टप्पा समाजमाध्यमे आणि ऑनलाइन बाजारपेठा यांचा. फेसबुक (२००४), यूट्यूब (२००५), व्हॉट्सॲप (२००९) आणि इन्स्टाग्राम (२०१०) या क्रमाने माध्यमे आली. २००७ मध्ये फ्लिपकार्ट आणि २०१३ मध्ये ॲमेझॉनची भारतीय बाजारपेठ सुरू झाली. २०१६ मध्ये मोबाइल इंटरनेट स्वस्त झाले, युपीआयमुळे पैसे देणे सोपे झाले आणि २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने छोट्या व्यावसायिकांसाठी स्वतंत्र सेवा दिली. २०२० च्या टाळेबंदीत असंख्य छोट्या विक्रेत्यांना या साधनांनीच तग धरता आला, हे मान्य केले पाहिजे.

५. मालकीचा प्रश्न

तिसऱ्या टप्प्यात प्रवेश सोपा झाला. परंतु जागा परक्याची झाली. त्याचे परिणाम तीन घटनांमधून स्पष्ट होतात. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने मित्र व कुटुंबीयांच्या मजकुराला अग्रक्रम देण्याचे जाहीर केले. त्यामुळे, वर्षानुवर्षे अनुयायी जमवलेल्या व्यावसायिक पानांचा मजकूर त्याच अनुयायांपर्यंत पोहोचणे कमी झाले. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. निर्णयाची कारणे काहीही असोत, ज्यांची ओळख त्या एकाच माध्यमावर उभी होती त्यांचा प्रेक्षकवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम या तिन्ही सेवा सुमारे सहा तास बंद पडल्या आणि केवळ त्यांवरच मागणी घेणाऱ्या दुकानाला तेवढा वेळ कुलूप लागले. तिन्ही प्रसंगी विक्रेत्याचा माल, किंमत आणि सचोटी यांत काहीच बदल झाला नव्हता. बेळगावात जागा सोडावी लागलेल्या कारखान्याला यंत्रे गाडीवर घालून नेता आली. येथे विक्रेत्याला ग्राहकांची यादीसुद्धा बरोबर नेता येत नाही.

पारदर्शकतेच्या बाबतीतही असाच फरक आढळतो. ‘किर्लोस्कर’च्या वाचकाला मासिकामागे कोण आहे हे ठाऊक होते. समाजमाध्यमांवर मात्र स्नेह्याचा सल्ला आणि पैसे घेऊन केलेली शिफारस यांतील सीमारेषा पुसट झाली. म्हणूनच भारतीय जाहिरात मानक परिषदेला २०२१ मध्ये प्रभावी व्यक्तींच्या जाहिरातींसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या आणि २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी नियमावली जाहीर केली.

या ठिकाणी एका आक्षेपाचा विचार करणे आवश्यक आहे. स्वतःचे मासिक काढणे हे मुद्रणालय, भांडवल आणि साक्षर वाचक यांच्याशिवाय शक्य नव्हते. ज्या शेतकऱ्यासाठी नांगर बनवला, त्यांपैकी फार मोठ्या वर्गाला ‘खबर’ वाचता येत नव्हती. शिवाय असे मासिक काढण्याची ऐपत असलेले उद्योजक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. आजची माध्यमे ही अट शिथिल करतात. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशीच पादत्राणे मूळ परंपरेचा उल्लेख न करता मांडली, तेव्हा समाजमाध्यमांवरील तीव्र प्रतिक्रियेनंतर कंपनीला भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य करावी लागली. १९२० मध्ये कोल्हापूरच्या कारागिराचा आवाज मिलानपर्यंत पोहोचणे अशक्य होते. तथापि, हा विजय नावाचा होता. त्या क्षणी जागी झालेल्या जगभरच्या ग्राहकाला थेट कारागिराच्या दाराशी आणणारी व्यवस्था तयार नव्हती. नाव प्रसिद्ध असणे आणि ग्राहकाशी नाते आपल्या हाती असणे यांतील अंतर या घटनेने अधोरेखित केले.

६. निष्कर्ष

१. ‘किर्लोस्कर खबर’ हा मराठी नियतकालिकांच्या इतिहासाइतकाच भारतीय विपणनाच्या इतिहासाचाही महत्त्वाचा टप्पा आहे. वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमात त्यास स्थान मिळणे उचित ठरेल.

२. ऑनलाइन विपणनाच्या तीन टप्प्यांत खर्च कमी होत गेला आणि पोहोच वाढत गेली. त्याच वेळी माध्यमावरील व ग्राहकांच्या यादीवरील विक्रेत्याचे नियंत्रण क्षीण झाले.

३. छोट्या व्यावसायिकाने समाजमाध्यमांचा वापर ग्राहक मिळवण्यासाठी अवश्य करावा; परंतु स्वतःचे संकेतस्थळ, ग्राहकाच्या संमतीने ठेवलेली नोंदवही आणि नियमित पत्रव्यवहार ही साधने स्वतःच्या ताब्यात ठेवावीत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर संमतीचा मुद्दा औपचारिकतेचा राहिलेला नाही.

४. ‘खबर’चे अंक छापील असल्यामुळे ग्रंथालयांत जतन होऊ शकले आणि म्हणूनच त्यांचा अभ्यास शक्य आहे. आजची विक्रीची पाने मात्र खाते बंद होताच नाहीशी होतात. आपल्या परिसरातील उद्योगांच्या जुन्या सूची, लेबले व माहितीपत्रके यांच्याबरोबर आजच्या ऑनलाइन जाहिरातींचेही नमुने महाविद्यालयांच्या इतिहास व वाणिज्य विभागांनी संयुक्तपणे जमवावेत. हे काम आता झाले नाही, तर १९२० च्या नांगराची जाहिरात पुढच्या पिढीला पाहता येईल, पण २०२० च्या टाळेबंदीत गावोगावच्या दुकानांनी ग्राहक कसे टिकवले याचा पुरावा तिला मिळणार नाही.