दुसऱ्या पसंतीची मोजणी

राष्ट्रपतींची निवड संसदेचे व विधानसभांचे निर्वाचित सदस्य करतात, हे आपण शाळेत शिकतो. हे मतदार उमेदवारांपुढे पसंतीक्रम लिहितात. पहिल्या पसंतीने निकाल लागला नाही, तर मागे पडलेल्यांच्या मतपत्रिका पुन्हा हाती घेऊन पुढची पसंती मोजतात. असा प्रसंग आजवर एकदाच आला, १९६९ साली.

३ मे रोजी डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले. काँग्रेसने नीलम संजीव रेड्डी यांना उभे केले, तर उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी पदत्याग करून अपक्ष म्हणून रिंगणात उतरले. स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांचे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावचे, जुन्या मध्यप्रांतात सनदी अधिकारी राहिलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर असा त्यांचा लौकिक. रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर सही करणाऱ्या इंदिरा गांधींनीच अखेरीस 'सदसद्विवेकबुद्धीनुसार मत द्या' असे आवाहन केले.

२० ऑगस्टला मोजणी झाली. विजयास ४,१८,१६९ इतके मतमूल्य हवे होते. गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मिळाले. उमेदवार एकूण पंधरा. तळाचे एकेक उमेदवार बाद होत गेले. शेवटी देशमुखही बाद झाले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंतीने निकाल ठरला. रेड्डींच्या पदरात सुमारे ९२ हजारांची भर पडली, गिरींच्या अवघ्या साडेअठरा हजारांची. तरीही गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले. रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. आवश्यक आकड्याहून गिरींना अधिक मिळाले ते केवळ १,९०८.

या निकालाचे पडसाद आमच्या वर्ध्यातही उमटले. १९४२ च्या जुलैत काँग्रेस कार्यसमितीने इंग्रजांना 'चले जाव' म्हणणारा ठराव केला तो येथेच. जमनालाल बजाजांचे पुत्र कमलनयन तेव्हा वर्ध्याचे खासदार होते. नोव्हेंबरात काँग्रेस दुभंगली आणि ते संघटना काँग्रेसकडे गेले. जमनालालजींनी ज्या काँग्रेसचा खजिना सांभाळला, ती एकसंध काँग्रेस उरली नाही.

निवडणुकीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. रेड्डींची बदनामी करणारे एक निनावी पत्रक हा त्यातील मोठा मुद्दा होता. राष्ट्रपतिपदावर असतानाच गिरींनी न्यायालयात जाऊन साक्ष दिली. १९७० साली अर्ज फेटाळले गेले. पुढे १९७७ साली रेड्डी राष्ट्रपती झाले, तेही बिनविरोध.

सदसद्विवेकबुद्धी हा शब्द आपल्या धर्मशिक्षणात फार जपून वापरला जातो. तिला आधी घडवावे लागते, मग तिचे ऐकावे लागते. १९६९ साली तिच्या नावाने कोणी खरोखर अंतर्मनाचा कौल दिला आणि कोणी नेत्याची मर्जी राखली, हे गुप्त मतपत्रिकेने झाकून ठेवले आहे. आपल्या गावच्या ग्रामपंचायतीसाठी मत देतानाही हाच निवाडा ज्याचा त्याने करावयाचा असतो. पत्रिका पुन्हा मोजता येतात. हेतू मोजणारा अधिकारी कोणत्याही निवडणुकीत नेमलेला नसतो, असे आम्हांस वाटते.