रानडुकरांसाठी बंदूक घ्यायची? बारा बोर की ३१५, काडतूस निवडण्याआधी हे वाचा

नागपूर : रानडुकरांच्या कळपानं एका रात्रीत वावर उकरून टाकलं की सकाळी गावात एकच चर्चा असते. बंदूक घ्यावी का, अन् घेतली तर कोणती? डुक्कर असो की रोही, सगळ्याला चालेल असं एकच काडतूस कोणतं? याचं अर्धं उत्तर दुकानदार देऊ शकतो. उरलेलं अर्धं कायद्यानं आधीच ठरवलेलं आहे.

कागद दोन लागतात

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. परवाना शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार मिळतो. ग्रामीण तालुक्यांसाठी अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाकडे, तर नागपूर शहरात पोलिस आयुक्तांकडे करावा लागतो. अर्जदाराचं वय किमान २१ वर्षं हवं.

जनावरावर गोळी झाडायला मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन विभागाची वेगळी लेखी परवानगी लागते. रानडुक्कर आणि रोही दोन्ही अनुसूची २ मध्ये आहेत. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावरांसाठी कलम ११ खाली ही परवानगी देता येते. त्यासाठी अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे (आरएफओ) करायचा. मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता ठरतं. मांस घरी नेलं तर तो वेगळा गुन्हा होतो.

पिकासाठी कायदा कोणती बंदूक देतो?

शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी आधी ठासणीची बंदूक, म्हणजे आपली भरमार, सांगितली आहे. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर किमान २० इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर होऊ शकते. व्यवहारात ती म्हणजे बारा बोर.

रायफलच्या नळीला आतून पीळ असतो, त्यामुळे ती या सवलतीत बसत नाही. तिच्यासाठी सबळ कारण दाखवून वेगळा परवाना घ्यावा लागतो. त्यातही ३०३ आणि ७.६२ हे सैन्य-पोलिसांचे बोर सामान्य माणसाला बंद आहेत. म्हणूनच इंग्रजांच्या काळापासून आपल्याकडे ३१५ बोर रूढ झाला. ईशापूरच्या सरकारी कारखान्यात ३१५ आणि ३०-०६ या दोन्ही रायफली बनतात. ३१५ आणि बारा बोरची काडतुसं पुण्याजवळच्या खडकी कारखान्यात तयार होतात.

मग काडतूस कोणतं?

* बारीक छर्रे : हे पाखरांसाठीचे आहेत. डुकरावर झाडले तर ते मरत नाही, जखमी होऊन उलटतं.
* एलजी, एसजी : हे जाड छर्रे आहेत. त्यांचा भरवसा ३०-४० मीटरपर्यंतच. पुढे छर्रे फाकतात आणि जनावर जखमी होऊन पळतं.
* ३१५ : गोळी सुमारे १६ ग्रॅमची. डुक्कर आणि रोही दोघांनाही पुरेशी, पण नेम चुकला तर एक किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते.

आपल्याकडची वावरं सपाट आहेत. गोळी अडवायला मागे टेकाड नसतं. धुऱ्याच्या पलीकडे कोणी ना कोणी जागलीला बसलेलं असतं. हा धोका पाहिला, तर परवाना आणि परवानगी दोन्ही असलेल्या शेतकऱ्यासाठी जवळच्या अंतरावर बारा बोर आणि एलजी हीच जोडी बरी. तरी मोकळ्या रानात जाड छर्राही दूरवर जातो आणि माणसाला लागू शकतो. मागे काय आहे हे दिसत नसेल, तर घोडा दाबायचा नाही.

आजोबांच्या काळातली बंदूक असेल तर कारागिराकडून तपासून घ्या. ६५ मिलिमीटरच्या घरात ७० मिलिमीटरचं काडतूस बसल्यासारखं वाटतं, पण झाडल्यावर दाब वाढून नळी फुटू शकते. परवानाधारक वारला असेल, तर ती बंदूक घरात ठेवू नका. पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसानं स्वतःच्या नावे अर्ज करावा.

पेंच, कऱ्हांडलाजवळच्या गावांसाठी

अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय मिळत नाही. जुन्या परवानाधारकांनाही वन विभागाकडे नोंदणी करावी लागते. रामटेक, पारशिवनी, उमरेड, कुही, भिवापूर तालुक्यांतल्या जंगलालगतच्या गावांनी हे आधी विचारून घ्यावं.

चुकलं तर शिक्षा

* विनापरवाना बंदूक : २ ते ५ वर्षं कैद आणि दंड.
* परवानगीविना रानडुकराची शिकार : ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.
* अभयारण्यात शिकार : ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड.

कुंपणाच्या तारेत करंट सोडणं तर याहून वाईट. त्यात वाघही मरतो अन् रात्री पाणी द्यायला गेलेला शेजारीही. सौर कुंपणाचा झटका बसतो, पण जीव जात नाही.

नुकसान झाल्यावर आधी काय करावं?

खुरांच्या खुणा अन् पडलेल्या पिकाचे फोटो मोबाईलमध्ये काढा. सातबारा, आधार आणि बँक पासबुकाची प्रत जोडून लगेच आरएफओ कार्यालयात अर्ज द्या, पोच घ्या आणि पंचनामा होईपर्यंत वावर तसंच ठेवा. भरपाई मागायची असो की डुक्कर मारण्याची परवानगी, नुकसानीचा पुरावा दोन्हीकडे लागतो.